जोड मोडल्यावर: एमएमए लढतीसाठी आयत्या वेळी बदली प्रतिस्पर्धी कसा शोधावा

कोल्हापुरात जोड मोडणे, म्हणजे एकाने माघार घेतल्याने ठरलेली लढत फिसकटणे, आणि आयत्या वेळी नवी जोड लावणे ही नवी गोष्ट नाही. गावोगावच्या जत्रांतील कुस्ती मैदानांत हलगी वाजू लागल्यावरही पंच मंडळी दोन पोरे समोरासमोर उभी करतात, अंगापिंडाने बरोबरीची वाटली की हातात हात देऊन मैदानातून फिरवतात आणि कुस्ती लागते. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले आणि १९१२ पासून कुस्त्या पाहत आलेले खासबाग मैदान ज्या शहरात आहे, तेथे वाढलेल्या संयोजकाला म्हणूनच असे वाटते, की मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या (एमएमए, म्हणजे ठोसे, लाथा आणि पकडी सगळे चालणाऱ्या) लढतीतही आयत्या वेळी माणूस उभा करणे हे चार फोनचे काम आहे. प्रत्यक्षात मातीतली विजोड कुस्ती दोन मिनिटांत चितपट होऊन संपते, तर केजमधली (जाळीच्या पिंजऱ्यातली) विजोड लढत बहुतेक वेळा कोणाच्या तरी डोक्यावर मार बसूनच संपते. हा लेख जिल्हा पातळीवर लढती भरवणाऱ्या संयोजकांसाठी आणि आपल्या मुलाची लढत मोडल्यामुळे स्वतःच माणूस शोधण्याची वेळ आलेल्या प्रशिक्षकांसाठी लिहिला आहे. मी ही कामे दोन्ही बाजूंनी केली आहेत, आणि त्यात चुकाही केल्या आहेत.

पहिला तास

माघारीची बातमी बहुधा फोनवर येते आणि ती अर्धवट असते. ‘पोराचा गुडघा दुखावलाय, बघू’ या वाक्याचा अर्थ माघार असा होत नाही, आणि माघार नाही असाही होत नाही. म्हणून सर्वप्रथम त्या मल्लाच्या प्रशिक्षकाकडून लेखी निरोप घ्यावा, त्यात कारण आणि तारीख नोंदवून घ्यावी, आणि दुखापत असल्यास डॉक्टरांची चिठ्ठी मागावी. चिठ्ठी मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. ती नसली तर चार दिवसांनी तोच मल्ल ‘आता बरे वाटते’ म्हणून परत येतो आणि तोपर्यंत आपण दुसऱ्याला शब्द दिलेला असतो.

त्यानंतरचा फोन नव्या मल्लाला नव्हे, तर जो लढायला अजून उभा आहे त्याच्या प्रशिक्षकाला करावा. ही बातमी त्याला व्हॉट्सअ‍ॅपच्या एखाद्या गटातून कळली, तर पुढची सगळी बोलणी कडवट होतात. त्याच फोनमध्ये तीन गोष्टी विचारून लिहून ठेवाव्यात: ठरलेल्या वजनापेक्षा किती किलोपर्यंत जास्त चालेल, अनुभवातला किती फरक मान्य आहे, आणि कोणत्या शैलीचा प्रतिस्पर्धी अजिबात नको. ज्याने आठ आठवडे डावखुऱ्या ठोसेबाजाची तयारी केली, त्याच्यासमोर आठवडाभराच्या सूचनेवर ग्रॅपलर (पकडींनी लढणारा) उभा करायचा असेल, तर नकार देण्याचा त्याचा हक्क संयोजकाने मनापासून मान्य केला पाहिजे. जोड दोघांची असते, आणि त्यातला एक अजून जागेवर आहे हे धावपळीत विसरले जाते.

माहितीपत्रक

‘६५ किलोचा फायटर पाहिजे, अर्जंट’ असा निरोप पाठवला की दिवसभरात तीस फोन येतात आणि त्यांतले अठ्ठावीस निरुपयोगी निघतात. त्याऐवजी एकाच निरोपात बसेल असे माहितीपत्रक तयार करावे. त्यात लढतीची तारीख व ठिकाण, वजन घेण्याची वेळ, ठरलेले वजन आणि त्यातली सवलत, फेऱ्यांची संख्या व लांबी, समोरच्या मल्लाचा अनुभव, मानधन, प्रवासखर्च किती जणांचा, आणि लागणाऱ्या वैद्यकीय तपासण्या एवढे असावे. नियम हौशी आहेत की व्यावसायिक हे ठळकपणे लिहावे. व्यावसायिक लढत साधारणपणे पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांची असते. आंतरराष्ट्रीय हौशी नियमांत मात्र फेरी तीन मिनिटांची असते, नडगीवर संरक्षक पट्टे असतात आणि कोपराच्या माराला बंदी असते. ज्याने आजवर फक्त हौशी लढती केल्या आहेत, त्याला केवळ आपली गरज आहे म्हणून व्यावसायिक नियमांखाली उतरवू नये.

माणूस कोठे शोधावा

सर्वांत आधी स्वतःच्याच कार्यक्रमाची यादी पाहावी. एकाच दिवशी दोन लढती मोडणे दुर्मीळ नसते, आणि शेजारच्या दोन वजनगटांतल्या दोन मोडक्या जोडींतून एक चांगली जोड निघू शकते. या मल्लांची तयारी झालेली असते, त्यांच्या तपासण्या हातात असतात आणि तिकिटेही काढलेली असतात. त्यानंतर आपल्या तारखेच्या पुढेमागे दोन-तीन आठवड्यांत ज्यांची दुसरीकडे लढत होती आणि ती मोडली, असे मल्ल शोधावेत. तिसऱ्या क्रमांकावर नुकतेच लढलेले, पण फारसा मार न खाल्लेले मल्ल येतात. या तिन्ही गटांतले लोक आत्ता सरावात असतात, आणि आपल्याला विकत घेता न येणारी गोष्ट नेमकी तीच असते. तीन महिने घरी बसलेला गुणी मल्ल दहा दिवसांत तयार होत नाही.

मग अंतराचा विचार. सांगली तासा-दीड तासावर आहे, बेळगाव आणि सातारा त्याच्या थोडे पुढे. पुणे सुमारे २३० किलोमीटर, आणि मुंबईहून महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघालेला माणूस सकाळी छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवर उतरतो. गोव्याकडचा रस्ता घाटाचा असल्याने पावसाळ्यात त्याचा भरवसा धरू नये. वजन उतरवत असलेल्या माणसासाठी प्रवास हा सुद्धा श्रमच असतो. बारा तास बसमध्ये कोरड्या घशाने बसून आलेला मल्ल काट्यावर बरोबर भरला, तरी दुसऱ्या दिवशी तो लढण्याच्या अवस्थेत असेलच असे नाही.

फोन नेहमी प्रशिक्षकाला करावा, मुलाला नाही. मुलाला विचारले तर तो ‘हो’च म्हणतो, कारण त्याला वाटते की ही संधी पुन्हा यायची नाही. प्रशिक्षकालाही ‘तयार आहे का?’ असे विचारून उपयोग नसतो, कारण त्यावर ‘सर, पोरगं एकदम तयार हाय, तिकीट पाठवा’ हेच उत्तर येते. त्यापेक्षा मुलाने काल काय सराव केला, परवा काय केला, शेवटचे स्पारिंग (सरावातली लढत) कधी आणि किती फेऱ्यांचे झाले, असे विचारावे. खरोखर सरावात असलेल्या मुलाचा प्रशिक्षक या प्रश्नांची उत्तरे न अडखळता देतो.

तालमीतला पैलवान हा पर्याय आहे का?

कोल्हापुरात हा प्रश्न टाळता येत नाही. गंगावेश, शाहूपुरी, मोतीबाग अशा नामांकित तालमींत हव्या त्या वजनाचा, हवा तेवढा दमदार मुलगा हाताच्या अंतरावर असतो, आणि ‘दोन मिनिटांत उचलून आपटेल’ असे कोणीतरी सांगतेच. ते खोटे नाही. खाली पाडण्याच्या कसबात आपल्या मातीतल्या पैलवानाला अनेक व्यावसायिक एमएमए मल्ल पुरे पडणार नाहीत. अडचण पाडल्यानंतर सुरू होते.

मातीच्या कुस्तीत पाठ टेकली की हार. म्हणून लहानपणापासून पैलवानाच्या अंगात एक सवय भिनलेली असते, की खाली सापडल्यावर पाठ वाचवण्यासाठी पोटावर वळायचे आणि दम धरून पडून राहायचे. आखाड्यात ही सवय त्याला वाचवते. केजमध्ये मात्र पोटावर वळणे म्हणजे आपली पाठ प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करणे होय. तो पाठीवर स्वार होतो, पाय कमरेभोवती अडकवतो आणि गळ्याखालून हात घालून आवळतो. ज्याला ही पकड कधी कोणी लावलेलीच नाही, त्याला ती सोडवायची कशी हे लढतीच्या दिवशी सुचणार नाही. शिवाय पट काढण्यासाठी, म्हणजे पाय धरून पाडण्यासाठी, डोके खाली घालून आत शिरण्याची त्याची सवय गुडघ्याच्या आणि वरून येणाऱ्या ठोशाच्या वाटेवर नेमकी येते.

माझा नियम असा आहे: ज्या पैलवानाने निदान सहा महिने नियमित ठोसे-लाथांसह स्पारिंग आणि गळपकडींचा सराव केला आहे, त्याचा विचार करावा, आणि तोही ज्याची पहिली किंवा दुसरीच लढत आहे अशा प्रतिस्पर्ध्यासमोर. हाच निकष केवळ बॉक्सिंग किंवा वुशू (चिनी युद्धकला) करणाऱ्या मुलालाही उलट्या बाजूने लावावा, कारण त्याला खाली पडल्यावर काय करायचे हे माहीत नसते. आणखी एक, जे येथील माणसाला सांगावे लागू नये: वस्तादांना डावलून तालमीतल्या मुलाशी परस्पर बोलू नये. एखादी लढत त्यातून मिळेलही, पण त्या तालमीचे दार पुढची दहा वर्षे बंद होईल.

वजन

येथे सर्वाधिक वेळ द्यावा, कारण सर्वाधिक खोटे येथेच बोलले जाते. ‘त्याचे वजन किती?’ या प्रश्नाला उत्तर म्हणून बहुधा त्याचा वजनगट सांगितला जातो, आजचे वजन नाही. म्हणून व्हिडिओ कॉलवर, सकाळी, आपल्या डोळ्यांदेखत त्याला काट्यावर उभे करावे. घरगुती काटे किलोभराने चुकतात. शक्य असेल तर एखाद्या व्यायामशाळेतला किंवा दुकानातला सरकारी मुद्रांकन झालेला काटा वापरावा.

समजा लढत ६५.८ किलोच्या फेदरवेट गटाची आहे, आठ दिवस उरले आहेत आणि मिळालेला मुलगा आज ७१ किलो भरला. त्याला ५.२ किलो, म्हणजे शरीराच्या वजनाच्या सात टक्क्यांहून अधिक उतरवावे लागेल. लढतीपूर्वीचे पूर्ण सराव शिबिर झालेले मल्ल एवढे उतरवतात हे खरे आहे, पण त्यांनी त्यासाठी कित्येक आठवडे खाण्यापिण्याचे नियोजन केलेले असते. आठ दिवसांत ते बहुतांशी पाणी काढूनच होते, आणि पाणी काढलेले शरीर मार सोसण्याच्या कामी सर्वांत वाईट असते. डिसेंबर २०१५ मध्ये यांग जियान बिंग हा चिनी मल्ल मनिलामध्ये लढतीआधी वजन उतरवताना मरण पावला. त्यानंतर वन चॅम्पियनशिप या आशियाई संस्थेने पाणी काढून वजन उतरवण्याची पद्धतच बंद केली आणि मल्लाच्या शरीरात पुरेसे पाणी आहे ना, हे लघवीच्या चाचणीने तपासायला सुरुवात केली. ती संस्था जगातल्या मोठ्या संस्थांपैकी एक आहे. आपल्याकडे सावरायला तिच्याइतके डॉक्टर नसतात, त्यामुळे आपण तिच्यापेक्षा जास्त जपून वागायला हवे.

वरच्या उदाहरणात योग्य मार्ग म्हणजे दोघांनी मान्य केलेले मधले वजन, म्हणजे कॅचवेट. ६८ किलो ठरवले तर नव्या मुलाला तीन किलो, म्हणजे सुमारे चार टक्के उतरवावे लागतील, आणि जुन्या मल्लाला उलट थोडे सुटल्यासारखे होईल. दहा दिवसांहून कमी वेळ असताना चार-पाच टक्क्यांच्या पुढे मी जात नाही. वजन वर नेणे यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. मार्च २०१६ मध्ये यूएफसी या अमेरिकी एमएमए संस्थेच्या १९६ क्रमांकाच्या कार्यक्रमात कॉनर मॅकग्रेगर याचा प्रतिस्पर्धी राफाएल दोस आंजोस दुखापतीने बाहेर पडला. तेव्हा ७०.३ किलोची ती लढत नेट डियाझ याच्याशी थेट ७७.१ किलोवर लावली गेली, आणि अकरा दिवसांच्या सूचनेवर आलेल्या डियाझने दुसऱ्या फेरीत गळपकडीने ती जिंकली.

ठरलेले वजन कागदावर ग्रॅमसह लिहावे, आणि वर किती सवलत आहे तेही. एप्रिल २०१८ च्या यूएफसी २२३ मध्ये आदल्या दिवशी मुख्य लढतीत घेतलेला ॲल आयकिंटा १५५ पौंडांच्या (७०.३ किलो) मर्यादेसमोर १५५.२ पौंड भरला होता. तो खबीब नुर्मागोमेदोव्हविरुद्ध लढला, पण विजेतेपदाच्या लढतीत पौंडाची सवलत नसल्याने जिंकला असता तरी पट्टा त्याला मिळणार नव्हता.

पडताळणी

टॅपॉलॉजी आणि शेरडॉग या संकेतस्थळांवर मल्लाचा इतिहास पाहावा, पण तेथेच थांबू नये. आपल्या भागातल्या हौशी लढतींची नोंद तेथे अनेकदा नसते आणि एकाच नावाचे दोन मल्ल असणे आपल्याकडे नेहमीचे आहे. तीन विजय, शून्य पराभव हा आकडा तीन पदार्पण करणाऱ्यांवर मिळवलेला असू शकतो. शेवटच्या दोन लढतींचे चित्रण मागवून पूर्ण पाहावे. ते पाहताना मुलगा जिंकला की हरला यापेक्षा दमल्यावर तो काय करतो याकडे लक्ष द्यावे, कारण आयत्या वेळी आलेला मल्ल दुसऱ्या फेरीत दमणारच आहे.

शेवटचा पराभव कधी आणि कसा झाला, हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारावा. ठोशाने बेशुद्ध पडून हरलेल्या मल्लाला काही आठवडे ते काही महिने लढण्यास मनाई करण्याची पद्धत जगभर आहे. आपल्याकडे ती पाळायला लावणारे सरकारी मंडळ नाही, म्हणून ती जबाबदारी जोड लावणाऱ्यावर येते. सरावात डोक्याला मार बसला होता का, हेही विचारावे, कारण त्याची नोंद कोणत्याच संकेतस्थळावर नसते. वयाचा पुरावा आधीच मागवावा. १८ वर्षे पूर्ण नसलेल्या मुलाशी करार होऊच शकत नाही.

वैद्यकीय तपासण्या

एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी या रक्ततपासण्या, ईसीजी, बाहुली मोठी करून केलेली डोळ्यांची तपासणी आणि डॉक्टरांचे तंदुरुस्तीचे पत्र एवढे किमान असावे. महिला मल्लांसाठी गर्भचाचणीही असावी. मेंदूचा सीटी किंवा एमआरआय जुना असल्यास तो किती जुना चालेल हे आपल्या डॉक्टरांनी आधीच ठरवून दिलेले असावे. या सर्व तपासण्या मल्लाने आपल्या गावातच करून अहवाल पाठवावेत, मगच तिकीट काढावे. कोल्हापुरात उतरल्यावर तपासू, या भरवशावर बोलावलेल्या मुलाला नाकारणे कोणाच्याही जिवावर येते, आणि मग डॉक्टरांवर नको तो दबाव येतो. आयकिंटाच्या त्याच लढतीत आधी मॅक्स हॉलोवे बदली म्हणून आला होता. वजन उतरवताना त्याची अवस्था पाहून लढतींवर देखरेख करणाऱ्या न्यूयॉर्कच्या सरकारी आयोगाने त्याला लढण्यास अपात्र ठरवले, तेही वजन घेण्याच्या दिवशी. तेथे ते शक्य झाले, कारण ‘नाही’ म्हणणारा माणूस तिकिटे विकणारा नव्हता.

पैसे आणि कागद

काही वर्षांपूर्वी मी एका मुलाला रात्रीच्या गाडीने दुसऱ्या शहरात घेऊन गेलो होतो. पाच दिवसांच्या सूचनेवर त्याने वजन भरले आणि त्या संध्याकाळी समोरचा मल्ल आजारी पडला. संयोजकाने हात वर केले. ‘लढतच झाली नाही, तर मानधन कसले?’ हे त्याचे म्हणणे होते, आणि आमच्याकडे फोनवरच्या शब्दापलीकडे काही नव्हते. परतीचे भाडे मी खिशातून भरले. त्यानंतर मी चार गोष्टी लिहून घेतल्याशिवाय कोणालाही पाठवत नाही आणि कोणालाही बोलावत नाही.

मल्ल आला, वजन भरला, वैद्यकीय तपासणीत पास झाला आणि तरी लढत झाली नाही, तर त्याला मानधनाचा ठरलेला भाग, निदान निम्मा, मिळेल. मल्ल आणि त्याचा एक प्रशिक्षक असा दोघांचा जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च मानधनाबाहेरचा असेल. वजनात चुकल्यास मानधनाचा किती टक्के भाग समोरच्याला जाईल हे आधीच ठरेल. मोठ्या संस्थांत तो साधारण वीस ते तीस टक्के असतो. आणि विमा नव्या नावाने झालेला असेल.

बदली मल्लाला नेहमीपेक्षा थोडे जास्त द्यावे, हे बहुतेकांना पटते. पण ज्याने बदललेला प्रतिस्पर्धी स्वीकारला, त्यालाही काही वाढवून द्यावे, हे फार थोड्यांना सुचते. त्याची आठ आठवड्यांची तयारी दुसऱ्याच माणसासाठी होती, आणि त्याचा धोका बदली मल्लापेक्षा कमी नसतो. जून २०१६ मध्ये मायकल बिस्पिंग याने सुमारे सतरा दिवसांच्या सूचनेवर येऊन ल्यूक रॉकहोल्डला पहिल्याच फेरीत पाडून यूएफसीचे मिडलवेट विजेतेपद घेतले. उलट बाजूही आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये अलेक्झांडर वोल्कानोव्स्की दोन आठवड्यांहून कमी सूचनेवर इस्लाम मखाचेव्हसमोर उतरला आणि पहिल्या फेरीत डोक्यावर बसलेल्या लाथेने हरला. असे पराभव झाले की मल्लाच्या नोंदीवर फक्त पराभव उरतो, सूचना किती दिवसांची होती हे उरत नाही. म्हणून बदली म्हणून आलेल्या मुलाला पुढची लढत पूर्ण तयारीच्या वेळेसह देण्याचे करारातच लिहावे.

जाहीर करणे

दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्यावरच बदल जाहीर करावा. पोलीस ठाण्याला दिलेल्या मल्लांच्या यादीत, पंचांच्या व डॉक्टरांच्या कागदांत आणि फलकावर नाव त्याच दिवशी बदलावे. कोल्हापूरचा प्रेक्षक जोडी वाचून तिकीट काढणारा आहे. मैदानावर आल्यावर वेगळाच माणूस दिसला तर तो शिट्ट्या मारून थांबत नाही, पैसे परत मागतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

थांबायचे कधी

शोध सुरू करण्यापूर्वीच थांबण्याची वेळ ठरवावी आणि ती वहीत लिहावी. वजन घेण्याच्या ७२ तास आधीपर्यंत वजन, तपासण्या आणि सह्या या तिन्ही गोष्टी पूर्ण झाल्या नाहीत, तर मी लढत रद्द करतो. शेवटच्या दिवशी सापडणारा माणूस बहुधा ज्याला इतर सर्वांनी नाकारले असा असतो. २०१२ मध्ये जॉन जोन्सचा प्रतिस्पर्धी डॅन हेंडरसन जखमी झाला आणि आठ दिवसांच्या सूचनेवर बदली म्हणून पुढे आलेल्या चेल सोननशी लढायला जोन्सने नकार दिला, तेव्हा यूएफसीने १५१ क्रमांकाचा आपला संपूर्ण कार्यक्रमच रद्द केला होता. आपल्याकडे एक जोड कमी झाल्याने कार्यक्रम बुडत नाही. उभ्या राहिलेल्या मल्लाला मानधनाचा ठरलेला भाग द्यावा, त्याची इच्छा असेल तर ठोसे-लाथांविना ग्रॅपलिंगची प्रदर्शनीय लढत लावावी, आणि पुढच्या कार्यक्रमात त्याचे नाव प्रथम घालावे.

कार्यक्रम संपल्यावर दुसऱ्या दिवशी, आठवण ताजी असताना, राखीव मल्लांची वही काढावी. कोणाला फोन केला, त्या दिवशी त्याचे खरे वजन किती भरले, अहवाल किती तासांत आले, कोण ‘हो’ म्हणून नंतर फिरला, हे सगळे त्यात लिहावे. ज्या प्रशिक्षकाने ‘माझ्या मुलाला परवा सरावात डोक्याला लागलंय, या वेळी नको’ असे सरळ सांगितले, त्याचे नाव पानाच्या वर लिहावे. पुढची जोड मोडली की पहिला फोन त्यालाच करावा.